चामखीळ मानेवरची आणि चामखीळ बोटावरची

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. एका वर्षी चुलते तिथून घोड्याच्या शेपटीचे चार केस घेऊन आले. एक केस आत्याच्या मानेवरच्या चामखिळीला बांधला, दुसरा चुलतभावाच्या बोटावरच्या. आत्याची चामखीळ काळी पडली आणि आठवड्याभरात गळाली. भावाच्या बोटावर केस टिकेचना, बांधला की निसटायचा. शेवटी वैतागून त्यानं ती ब्लेडनं खरवडली. दोन-तीन महिन्यांत एकीच्या चार झाल्या. "घोड्याचा केस पोराला मानवला नाही," असा निकाल घरात लागला.

केस बिचारा निर्दोष होता. दोघांना झालेल्या गोष्टीच वेगळ्या होत्या. आपण दोन्हींना चामखीळ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मानेवरची, काखेतली, जांघेतली, कधी पापणीवरची ती मऊ, लोंबती चामखीळ म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्किन टॅग. बारीक देठ, वर ज्वारीच्या दाण्याएवढं बोंड. आत थोडे तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या, बाकी काही नाही. जंतू नाही, त्यामुळे एकाची दुसऱ्याला लागत नाही. देठ आवळला की रक्त बंद होतं आणि बोंड वाळून गळतं, केसाची करामत एवढीच. डॉक्टर हेच काम स्वच्छ करतात. जागा बधिर करून कात्रीनं कापतात किंवा कॉटरीनं, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकानं, जाळतात. अगदी बारीक असेल तर सुईचीही गरज पडत नाही. घरी बांधलेली गाठ अर्धवट बसली की जागा सुजते, पिकते. शुगर असलेल्या माणसाला तर ती जखम भरायला वेळ लागतो.

आणि शुगरचा विषय निघालाच आहे तर. वजन वाढलेल्या, मधुमेह असलेल्या माणसांत हे टॅग जास्त दिसतात. सोबत मान काळी, मखमलीसारखी जाड झालेली असेल तर तो मळ नसतो. आमच्याकडं बाया ती मान लिंबानं, घासणीनं घासून घासून सोलून काढतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, याची ती खूण असू शकते. आत्याची चामखीळ गळाली म्हणून सगळे खूश झाले. मानेकडं कुणी पाहिलं नाही. दोन वर्षांनी पायाची जखम भरेना, तेव्हा शुगर निघाली. टॅग काढायला जाल तेव्हा रक्तातली साखरही तपासून घ्या, तो काढण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

बोटावरची खरखरीत चामखीळ मात्र एचपीव्ही नावाच्या विषाणूची. तिला देठ नसतो, बूड रुंद असतं, मग केस टिकणार कशाला? पृष्ठभाग फुलकोबीसारखा, कडक. कातडीवरच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात. आत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं समजून टोकरतात, पण त्या रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. खरं तर तिला मूळ नसतंच, ती कातडीच्या वरच्या थरातच असते. खरवडलं की विषाणू शेजारच्या ओरखड्यांत शिरतो. दाढी करताना एकीवर ब्लेड फिरलं तर पुढं रांगच्या रांग उठते.

म्हणून हिला कापलं की संपलं असं होत नाही. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवणं किंवा बधिर करून कॉटरी, असे उपाय असतात. तरी बाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू उरला तर ती परत येते. तेव्हा डॉक्टर चुकला असं म्हणू नका. लहान मुलांत साधारण तीनातल्या दोघांच्या दोन वर्षांत आपोआप जातात. मीठ उतरवणाऱ्यांचं, मंत्र टाकणाऱ्यांचं नाव होतं ते याच्याच जोरावर.

बिब्बा मात्र दोन्हींवर लावू नका. बिब्बा उतला की चामखीळ राहते बाजूला आणि आजूबाजूची कातडी फोड येऊन सोलते. तळपायाला असेल तर कुरूप की चामखीळ, हाही प्रश्न येतो. साधारणपणे कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की.

गुप्तांगावरच्या चामखिळीला घरी हात लावू नये. रंग बदलणारी, पसरणारी, आपोआप रक्त येणारी गाठ या दोन्हींतली नसूही शकते. ती काढली तर तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात केसपेपर काढून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवता येतं.

भावानं शेवटी तेच केलं. तीन चामखिळी गोठवून गेल्या. नखाच्या कडेची चौथी मात्र दोनदा उलटून आली, तिसऱ्या खेपेला गेली.