भयकथांच्या कमाईवर जगलेल्या विज्ञानकथा

अमेरिकन विज्ञानकथा-कॉमिक्सचा विषय निघाला की 'विअर्ड सायन्स' आणि 'विअर्ड फँटसी' ही दोन नावं येतातच. न्यूयॉर्कच्या ईसी कॉमिक्सची ही द्वैमासिकं. दोन्हींचे पहिले अंक मे-जून १९५०चे. किंमत दहा सेंट, आणि अंकात सहसा चार स्वतंत्र कथा. कायमचा नायक नाही, 'क्रमशः' नाही. सात-आठ पानांत गोष्ट संपायची, तीही बहुधा शेवटच्या चौकटीत वाचकाला हादरवून.

ईसीची स्थापना मॅक्स गेन्सने १९४४ साली केली, ती मुलांसाठी बायबलमधल्या आणि इतिहासातल्या गोष्टी छापायला. १९४७ मध्ये तो बोटीच्या अपघातात गेला आणि कर्जात बुडालेली कंपनी त्याच्या पंचविशीतल्या मुलाच्या, बिल गेन्सच्या गळ्यात पडली. बिलला खरं तर रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायचं होतं. पण १९४८ मध्ये अल फेल्डस्टीन हा तरुण चित्रकार त्याला येऊन मिळाला आणि दोघांचं जमलं. बाजारात जे चालतं त्याची नक्कल करण्यापेक्षा आपल्याला वाचायला आवडेल ते काढू, असं त्यांनी ठरवलं. त्यातूनच भयकथांची आणि विज्ञानकथांची मासिकं निघाली. टपालाच्या नव्या परवान्याची फी वाचावी म्हणून बंद केलेल्या प्रेमकथा-मासिकांचेच क्रमांक पुढे चालवले. त्यामुळे 'विअर्ड सायन्स'चा पहिलाच अंक बारावा आहे!

कामाची पद्धत विलक्षण होती. गेन्स रात्र-रात्र वाचून कथाबीजं हुडकायचा, सकाळी ती फेल्डस्टीनला ऐकवायचा. एखादं बीज पटलं की फेल्डस्टीन थेट चित्राच्या कागदावरच मजकूर लिहायला बसे. मग 'लेरॉय' नावाच्या साच्याने अक्षरं काढली जात, आणि मजकूर भरलेली पानं चित्रकाराच्या हाती पडत. उरलेल्या जागेत त्याने चित्र बसवायचं. या कथा शब्दबंबाळ वाटतात त्या यामुळे, आणि ती तक्रार खोटी नाही. पण त्याच जागेत वॉली वुडने काय केलं ते पाहावं. यानाच्या आतल्या नळ्या, तारा, तबकड्या, काळ्या शाईतून उमटणारा प्रकाश. चौकट कितीही दाटीची असो, तिला खोली यायची. अल विल्यमसन, जो ऑर्लँडो, फ्रँक फ्रझेटा हेही इथलेच. गेन्स त्यांना चित्रांवर सही करू देई, आणि सगळ्यांनी एकाच छापाचं काढावं असा आग्रह त्याने कधी धरला नाही. रंगसंगती मेरी सेव्हरिनची. तिचं नाव इतरांइतकं घेतलं जात नाही, ते घेतलं पाहिजे.

१९५२ मध्ये त्यांनी रे ब्रॅडबरीच्या दोन कथा न विचारताच एकत्र गुंफून छापल्या. ब्रॅडबरीने वकिलाची नोटीस धाडली नाही. मानधन पाठवायचं नजरचुकीने राहून गेलं असावं, असं सौजन्याने लिहून पन्नास डॉलर मागितले. गेन्सने ते लगेच पाठवले, आणि पुढे ब्रॅडबरीच्या कथा रीतसर परवानगीने येऊ लागल्या.

या मासिकांचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान आहे, असं ईसी जाहिरातीत छापत असे. खप मात्र भयकथांचा. विज्ञानकथा तोट्यात चालायच्या आणि तो तोटा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारखी मासिकं भरून काढायची. १९५४ मध्ये दोन्ही द्वैमासिकं एकत्र करावी लागली. त्याच वर्षी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, प्रकाशकांच्या संघटनेने आचारसंहिता आणली, विक्रेते ईसीचे गठ्ठे न उघडता परत पाठवू लागले. भयकथा बंद पडल्या आणि विज्ञानकथांचा आधार तुटला.

मार्च-एप्रिल १९५३च्या 'विअर्ड फँटसी'त फेल्डस्टीन आणि ऑर्लँडोची 'जजमेंट डे' ही कथा आली होती. यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा एक निरीक्षक येतो. तिथले नारिंगी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत, हलक्या कामांवर ठेवतात. आत दोघांची घडण अगदी एकच. ग्रहाला आकाशगंगेच्या संघात प्रवेश नाकारून तो परततो, शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चौकटीत आपल्याला कृष्णवर्णीय माणूस दिसतो. अमेरिकेत शाळांमधला वर्णभेद तेव्हा कायदेशीर होता.

१९५६च्या सुरुवातीला 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन'च्या (एकत्र केलेल्या द्वैमासिकाचंच हे नवं नाव) ३३व्या अंकासाठी दुसरी एक कथा संहितेने नाकारली, म्हणून गेन्सने हीच कथा पुन्हा द्यायचं ठरवलं. संहितेच्या प्रमुखाने अंतराळवीर कृष्णवर्णीय नको म्हणून हरकत घेतली. कथेचा सगळा अर्थच त्यात होता. नंतर त्याच्या चेहऱ्यावरचे घामाचे थेंब तरी पुसा, अशी मागणी आली. गेन्सने काहीही न बदलता कथा छापली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक ठरलं. पुढे त्याने सगळी ताकद 'मॅड' या विनोदी मासिकामागे लावली.

त्या काळात छपाईनंतर मूळ चित्रं अनेक ठिकाणी टाकून दिली जात. गेन्सने मात्र ईसीची चित्रं जपून ठेवली. म्हणूनच १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून रस कॉक्रन या प्रकाशकाने या मालिकांचे कृष्णधवल संच मूळ पानांवरून काढले, आणि स्वस्त कागदावरच्या रंगांखाली दबलेली वुडची रेघ वाचकांना प्रथमच नीट दिसली.