मडकं टांगलं की पोपटाला काय कळतं

उन्हाळा लागला की पक्षी पाळणाऱ्या माणसाला एक फोन ठरलेला असतो. पलीकडून कुणीतरी काकू घाबऱ्या आवाजात, "अहो, आमच्याकडे एकच कॉकटेल पोपट आहे, जोडी वगैरे काही नाही, आणि आज सकाळी पिंजऱ्यात अंडं! असं कसं काय?" काकूंना आधी कोंबडीची आठवण करून द्यायची, कोंबडा नसला तरी ती अंडं देतेच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही, पोपटाच्या मादीचंही तेच. खरा प्रश्न तिने अंडं का घातलं हा आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा काकूंच्या हॉलमध्येच सापडतं.

पक्ष्याच्या शरीरात विणीची यंत्रणा वर्षभर पूर्ण जोरात चालू नसते. उडणाऱ्या प्राण्याला जास्तीचं वजन परवडत नाही, म्हणून हंगाम नसताना अंडाशय आणि वृषणं आक्रसून बारीक होऊन बसतात आणि हंगाम आला की कितीतरी पटीने वाढतात. आता हंगाम आला हे कळणार कसं, तर बाहेरच्या खुणांवरून: उजेड किती वेळ आहे, खायला काय आणि किती मिळतंय, अंधारी सुरक्षित ढोली सापडली का, जोडीदार किंवा आपल्यातले आवाज आसपास आहेत का. रानात या खुणा पाऊस, फळं आणि झाडं देतात, घरात त्या आपण देतो, बऱ्याचदा आपल्याला पत्ताही नसतो. पोपटांची वीण सांभाळणं म्हणजे मुख्यतः या खुणा सांभाळणं, घरट्यासाठी टांगायचं मडकं, खाण्यातला राळा, पिल्लं भरवायची सिरिंज हे सगळं नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजेडाचंच घ्या. पक्ष्याला दिवसाची लांबी फक्त डोळ्यांनी कळत नाही, मेंदूच्या आत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा प्रकाश तिथवर पोचतो. पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे फरक जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. आणि आपल्या हॉलमध्ये सहाला उजाडतं ते रात्री साडेअकराला मॅच संपेपर्यंत ट्यूबलाइट चालूच, वर वाटीभर सूर्यफूल, सोफ्याखालचा अंधारा कोपरा, आणि येता-जाता पाठीवरून हात फिरवणारी माणसं (डोकं-मान खाजवा, खुशाल खाजवा, पण पाठ आणि शेपटीकडचा भाग हे तिच्या हिशेबाने जोडीदाराचं काम आहे). मग ती अंडी नाही घालणार तर काय करणार. अशा मादीला रात्री लवकर शांत अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, दिवस दहा-अकरा तासांवर आणायचा, दडायचे कोपरे बंद करायचे. आणि घातलेली अंडी लगेच उचलून टाकायची नाहीत. कॉकटेलच्या मादीची अंडी काढत गेलं की ती भरपाई म्हणून घालतच राहते, तीच अंडी किंवा प्लॅस्टिकची खोटी अंडी खाली राहू दिली की बसून बसून कंटाळते आणि स्वतःच सोडून देते.

बजरीगरांचं गणित मात्र जरा वेगळं आहे, तेच ते, ज्यांना आपल्याकडे दुकानात सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात. हे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले भटके पक्षी, पाऊस कधी पडेल याचा तिथे नेम नाही, त्यामुळे ते कॅलेंडरवर अवलंबून राहतच नाहीत. पाऊस पडला, गवताला दाणे धरले की थव्याने वीण सुरू. १९६० च्या दशकात बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने दाखवलं की नराची ती सततची मऊ बडबड नुसती ऐकू आली तरी मादीचं अंडाशय वाढायला लागतं. पुढे रॉबर्ट हाइंड या संशोधकाच्या अभ्यासात तर पूर्ण अंधारातही बजरीगर अंडी घालतात हे पुढे आलं. म्हणून एकटी जोडी महिनोन्महिने ढिम्म बसते आणि शेजारी आणखी दोन जोड्यांचे पिंजरे आले की पंधरवड्यात मडक्यात शिरते, याच्यात चमत्कार काही नाही, तिला थवा ऐकू यायला लागला एवढंच. तयार मादीच्या चोचीवरचा नाकाचा भाग तपकिरी आणि खरबरीत होतो, मोठ्या नराचा निळा असतो, त्यामुळे जोडी ओळखणं सोपं. खऱ्या, आफ्रिकन लव्हबर्डमध्ये, त्यातल्या पीचफेस जातीत तरी, हे बघून कळत नाही, दोन माद्या गुण्यागोविंदाने जोडीने राहतात आणि मडक्यात दहा-दहा अंडी जमतात, सगळी वांझ. तिथे पिसाची डीएनए टेस्ट करून घेतलेली बरी.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये हा विषय येतोच. आपला हिरवा राघू, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि एम्प्रेस गार्डनमध्ये ओरडत फिरणारा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो पाळणं, विकणं, त्याची पिल्लं काढणं, सगळं बेकायदा. याच दिवसांत ढोलीतून काढलेली पिसं न फुटलेली पिल्लं चोरून विकली जातात. म्हणून या लेखात पोपट म्हणजे परदेशी जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले.

खाण्याचा आणि विणीचा संबंध किती खोल असतो याचं मला आवडणारं उदाहरण न्यूझीलंडच्या काकापोचं. हा न उडणारा जाडजूड पोपट रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळ धरतं त्याच वर्षी वितो, म्हणजे दोन-चार वर्षांतून एकदा. १९९५ मध्ये फक्त ५१ काकापो उरले होते, संवर्धनवाल्यांनी माद्यांना वरून खाऊ द्यायला सुरुवात केली, तर झालं काय, धष्टपुष्ट माद्यांना नर पिल्लंच जास्त व्हायला लागली, आणि हव्या होत्या माद्या! मग खाऊ मोजून द्यायला लागले तेव्हा गाडी रुळावर आली. घरच्या पक्ष्यांत असं काही मोजत बसायची गरज नाही, पण "दे भरपूर, अंगाला लागेल" हे सरसकट धोरण बरं नाही इतकं यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडची खरी अडचण भरपूर खाण्यातल्या कमतरतेची आहे. राळा, बाजरी, सूर्यफूल यांत कॅल्शियम फार थोडं, आणि अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एकामागून एक पाच-सहा अंडी घालायची तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते. साठा संपला की कवच मऊ पडतं, अंडं ढकलणाऱ्या स्नायूंचा जोर जातो आणि अंडं आत अडकतं. मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपूट वरखाली होतेय, कुंथतेय पण काही येत नाही, असं दिसलं तर "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही, उबेत ठेवून लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. तेल लावून दाबून काढायचा उद्योग तर अजिबात नको, अंडं आत फुटलं की संपलं. म्हणून मडकं टांगायच्या आधी महिनाभर समुद्रफेस (माकुळाचं हाड, कॅल्शियमसाठी) पिंजऱ्यात हवा, शेवग्याचा पाला, उकडलेलं अंडं कुस्करून, मोड आलेले मूग सुरू करायचे. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. आणि सकाळचं कोवळं ऊन, थेट, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेत अडतात, बंद काचेमागे बसवलेल्या पक्ष्याला ऊब मिळते, बाकी काही नाही.

आता घरटं. बहुतेक सगळे पोपट ढोलीत अंडी घालतात, म्हणूनच अंडी पांढरीशुभ्र, अंधारात रंग लपवायचा कुणापासून? बजरीगरांना आपल्याकडचं छोटं मातीचं मडकं छान चालतं, त्याचा तळ खोलगट असल्यामुळे अंडी एकत्र राहतात. लाकडी पेटी घेणार असाल तर तळाला खळगा करून घ्या, सपाट गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच वाढतात. मडकं पश्चिमेच्या बाल्कनीत नको, एप्रिलमध्ये चाळीस डिग्रीला आत भट्टी होते. पावसाळ्यात उलटी कटकट, ओला राळा बुरशी धरतो, आणि मुंग्या तर बाराही महिने, त्यासाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

लव्हबर्डना मात्र घरटं स्वतः बांधायचं असतं, त्यांना झावळीची पाती, कागदाच्या पट्ट्या द्याव्या लागतात. पीचफेस जातीची मादी कागदाची लांब पट्टी चोचीने कातरते आणि कमरेच्या पिसांत खोचून उडते, फिशर जातीची मादी चोचीत धरून नेते. विल्यम डिल्गर या संशोधकाने या दोन जातींचा संकर केला आणि १९६२ मध्ये निष्कर्ष छापले. संकरित माद्या बिचाऱ्या गोंधळलेल्या, पट्टी पिसांत खोचायला जायच्या पण चोचीतून सोडायच्याच नाहीत, किंवा खोचली तरी उडताना गळून पडायची. तीन वर्षांनी बहुतेक वेळा चोचीतून न्यायला शिकल्या, तरी नेण्याआधी मान मात्र मागे वळायचीच. जन्मजात काय आणि शिकलेलं काय, हे इतकं समोरासमोर दाखवणारा प्रयोग विरळा.

अंडी साधारण एकाआड एक दिवस येतात आणि बजरीगरची मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, अठरा दिवसांनी पहिलं पिल्लू. कॉकटेलमध्ये नर-मादी पाळी लावतात, दिवसा बहुधा तो, रात्री ती. सहा-सात दिवसांनी मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरला की लाल शिरांचं जाळं दिसतं, नाही दिसलं तर अजून थोडे दिवस थांबा, रोज उचलून बघायची हौस आवरा. लवकर बसल्यामुळे पिल्लंही एकाआड एक दिवस निघतात, मडक्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी रांग दिसते, सगळ्यात मोठ्याला काट्यासारखी पिसं फुटलेली आणि सगळ्यात धाकटं नुसतं गुलाबी, दोन ग्रॅमचं. खाणं भरपूर असेल तर सगळी जगतात, कमी पडलं तर धाकटं जातं, रानात ही त्यांची विम्याची पद्धत आहे. तुम्ही फक्त गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली दिसतेय का एवढं रोज बघा. आणि मडकं साफ करताना तोंडाला मास्क लावा, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा आजार माणसाला होतो.

हँडफीडिंगवरून, म्हणजे पिल्लाला हाताने भरवण्यावरून, पक्षीप्रेमींत जोरदार वाद होतात, तर माझी बाजू सांगतो. आईबाप भरवत असतील तर पिल्लू काढून सिरिंजने भरवण्याची गरज नाही. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांना भरवायची तयार पेज, ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेला की गार असला तर पिशवीत आंबतो आणि गरम असला तर पिशवी भाजते, जरा घाई झाली की फुप्फुसात जातो, आणि लहान मुलांचं दूध घातलेलं सीरियल तर नकोच, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. "पण मग पिल्लू माणसाळणार कसं?" कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात ॲमेझॉन पोपटांवर हे तपासलंय, १९९९ चा अभ्यास: पिल्लं आईबापांकडेच ठेवली, फक्त रोज थोडा वेळ हातात घेतली, तर ती माणसाळलेली निघाली. आणि आईबापांकडून नुसतं खाणं मिळतं असंही नाही. व्हेनेझुएलातल्या छोट्या पॅरटलेट पोपटांवर कार्ल बर्ग यांनी २०११ मध्ये छापलेलं काम बघा, घरट्यांतली अंडी आपसांत बदलली तर पिल्लं दत्तक आईबापांच्या हाकेसारखीच हाक मारायला शिकली, म्हणजे ओळखीची हाक, जवळपास नावच, घरट्यात मिळतं. सिरिंजवाल्या पिल्लाला ते कोण देणार?

बजरीगरचं पिल्लू पाच आठवड्यांच्या आसपास मडक्याबाहेर येतं, पण लगेच वेगळं करू नका, अजून आठवडा-दोन आठवडे बाप भरवत असतो आणि आई तोवर पुढच्या अंड्यांच्या तयारीत, कधीकधी चक्क पिल्लांची पिसं उपटून त्यांना हाकलते. वर्षातून दोन वेळा पुरे, मग मडकं खाली काढायचं, मादीला विश्रांती. भाऊ-बहीण एकाच पिंजऱ्यात मोठे झाले तर त्यांचीच जोडी जमते, त्यामुळे वेळेत वेगळे करा. कन्युअर, आफ्रिकन ग्रे असे परदेशी संरक्षित पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, पिल्लं झाली तरी ती कळवावी लागतात, बजरीगर, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड यातून सुटलेत. पिल्लू कुणाला द्यायचं असेल तर आधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वजन करा, आणि भांड्यात नुसती चोच मारतंय की दाणा सोलून खातंय ते बघा, नुसती टरफलं उडवणारं पिल्लू अजून बापाच्याच भरवण्यावर असतं.