यंत्रउभारणीत उंचीवरून पडून होणारे अपघात

कारखान्यात बॉयलर, कन्व्हेअर, सायलो, ओव्हरहेड क्रेन यांसारखी सामग्री बसवताना कामगार वरून पडल्याने होणाऱ्या इजा. चालू कारखान्यात जिने, कठडे आणि ग्रेटिंगच्या (लोखंडी जाळीच्या) फरश्या माणसाला सांभाळतात. उभारणीच्या काळात नेमके हेच अजून बसायचे असते, आणि कठडा बसवणाऱ्याला कठड्याविनाच काम करावे लागते.

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पाइप खाली उतरवायला एखादे ग्रेटिंग उचलले जाते आणि परत ठेवताना क्लिपा न लावता नुसते टेकवले जाते. कडेवर पाय पडला की ते उलटते. चेन ब्लॉक (साखळीने भार उचलायची कप्पी) अडकवायला बीमवर चढलेल्या फिटरचा भाराच्या हिसक्याने तोल जातो. जुन्या शेडमध्ये चिमणीसाठी छत कापताना सिमेंटचा पत्रा फुटतो. हा पत्रा दिसायला भक्कम असला, तरी माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्यावर चालायचे तर खालच्या पर्लिनांवर (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर) टेकतील अशा फळ्या टाकाव्या लागतात.

दोन मीटरवरून पडणारा माणूस सुमारे ०.६४ सेकंदात जमिनीवर आदळतो. डोके, पाठीचा कणा आणि टाचेचे हाड यांना मार बसतो.

हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा) घातला म्हणजे झाले, हा समज घातक आहे. १.८ मीटरचा लॅन्यार्ड (हार्नेसपासून हुकापर्यंतचा दोर), एक मीटरहून अधिक ताणला जाणारा, हिसका शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर आणि पाठीवरच्या कडीखालचे सुमारे दीड मीटर शरीर मिळून चार मीटरांपेक्षा जास्त होतात. त्यामुळे चार मीटर उंचीवर हूक पायाजवळ अडकवला, तर शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण ताणला जाण्याआधीच माणूस जमिनीला टेकू शकतो. हूक डोक्याच्या वर हवा.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये उंचीवरील कामासाठी कठड्याची किंवा अन्य संरक्षणाची, तर कलम ३३ मध्ये खड्डे व फरशीतील उघडी तोंडे झाकण्याची तरतूद होती. हा विषय पुढे व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत घेण्यात आला. महाराष्ट्रात देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. प्रत्यक्षात जबाबदारी मालक, यंत्रपुरवठादार, इरेक्शनचा ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यात वाटली जाते: परांची एकाने बांधायची, ग्रेटिंग दुसऱ्याने उचलायचे, पडायचे तिसऱ्याने.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे उंचीवरचे काम कमी करणे. प्लॅटफॉर्म, जिना व कठडे जमिनीवरच जोडून क्रेनने एकसंध चढवतात. हार्नेसवर लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवावे लागते, कारण पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून सुटकेची सोय वर्क परमिट (कामाचा लेखी परवाना) देतानाच ठरवतात.