इंधनाच्या प्लास्टिक कॅनमधील फेरबदल

अमेरिकेत घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या इंधनाच्या प्लास्टिक कॅनमधून धार नीट पडावी म्हणून वापरणारे स्वतःच त्यांत जे बदल करतात, त्यांविषयीची ही नोंद. कॅनच्या माथ्यावर वेगळे हवाछिद्र बसवणे आणि मूळची तोटी काढून साधी तोटी लावणे, हे त्यांतले दोन मुख्य प्रकार. रंगाच्या रूढ संकेतानुसार पेट्रोलचा कॅन लाल, डिझेलचा पिवळा आणि केरोसीनचा निळा असतो. फेरबदलांची सगळी चर्चा मात्र लाल कॅनभोवतीच फिरते.

अडचण हवेची आहे. कॅन तिरका केला की जेवढे पेट्रोल बाहेर पडते, तेवढीच हवा आत यावी लागते. तिला स्वतंत्र वाट नसेल तर आतला दाब घटू लागतो. तोटीच्या वर पेट्रोलची उंची ३० सेंटिमीटर असेल, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम २ टक्क्यांनी उतरला तरी धार थांबते. मग तोटीतून हवेचा एक मोठा बुडबुडा वर चढतो, दाब सावरतो, पेट्रोलचा एक लोट येतो आणि पुन्हा धार अडते. बुडुकबुडुक आवाज येतो तो याचाच. सांडलवंड होते तीही या हिसक्यांमुळेच, कारण ५ गॅलनच्या (सुमारे १९ लिटर) भरल्या कॅनमध्ये नुसते पेट्रोलच १४ किलोच्या आसपास असते आणि ते हातात डुचमळत असते. तेलाच्या बंद डब्याला समोरासमोर दोन भोके पाडणाऱ्याला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

जुन्या कॅनना मागच्या बाजूला असे दुसरे भोक असायचे, वर छोटे टोपण. ते उघडे राहिले की पेट्रोलची वाफ दिवसरात्र बाहेर जात राही. ही हायड्रोकार्बने सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन, म्हणजे धुरक्याचा मुख्य घटक, तयार करतात. म्हणून कॅलिफोर्नियाने २००१ पासून विकल्या जाणाऱ्या कॅनवर निर्बंध आणले. टाकी भरताच आपोआप बंद होणारी तोटी ही त्यातली एक अट होती. ती प्रत्यक्षात इतकी गैरसोयीची ठरली की पुढच्या सुधारणेत ती गाळावी लागली. देशपातळीवर पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम १ जानेवारी २००९ पासून बनणाऱ्या कॅनना लागू झाला. कॅनमधून दिवसाला दर गॅलनमागे ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त हायड्रोकार्बन निसटू नये आणि ओतणे थांबले की तोटी आपोआप मिटावी, असे त्याचे सार. ही मर्यादा पाळण्यासाठी बहुतेक कारखान्यांनी मागचे भोकच काढून टाकले आणि हवेचा मार्ग तोटीच्या आतून नेला. ती अरुंद वाट, स्प्रिंग आणि मुलांना उघडता येऊ नये म्हणून दिलेला खटका एकाच तोटीत कोंबल्यावर धार केविलवाणी झाली. टाकीच्या काठावर तोटी दाबली की ती उघडते, पण तसा काठच नसलेल्या यंत्रांवर ती धड टेकत नाही. वाफ अडवण्याचा हेतू रास्त होता, तरी वाचवलेल्या वाफेतला काही वाटा हिरवळीवर सांडलेल्या पेट्रोलने परत हवेत गेला असणार.

हवाछिद्र बसवताना जागा निवडणे महत्त्वाचे. ओतण्यासाठी कॅन तिरका केल्यावर जो भाग सर्वांत उंच राहील तिथे, म्हणजे तोटीच्या विरुद्ध टोकाला मुठीमागे, ते हवे. खाली आले तर तिथूनच पेट्रोल गळते. तयार मिळणारी नायलॉनची टोपणवाली छिद्रे साधारण अर्ध्या इंचाच्या भोकात बसतात. दुसरी युक्ती ट्यूबलेस टायरच्या व्हॉल्व्हची. आतली पिन काढलेला व्हॉल्व्ह तारेला अडकवून कॅनच्या तोंडातून आत सोडतात आणि ११.५ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर ओढून घट्ट बसवतात. त्याची टोपी हेच झाकण. युक्ती सुबक आहे, पण टायरच्या व्हॉल्व्हचे रबर पेट्रोलमध्ये राहण्यासाठी केलेले नसते. ते फुगते, मऊ पडते आणि काही काळाने पाझरू लागते. इंधनाला टिकणारे रबर म्हणजे नायट्राइल किंवा फ्लुओरोरबर. डिंक-इपॉक्सीने फट बुजवण्याचा प्रयत्नही फुकट जातो, कारण कॅनच्या उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनला चिकट पदार्थ धरतच नाहीत. भोक पाडताना आत पडलेला प्लास्टिकचा कीस धुऊन काढला नाही, तर तो पुढे कार्ब्युरेटरमध्ये सापडतो.

तोटी बदलणे त्यापेक्षा सोपे. जुन्या धाटणीच्या लवचीक तोट्या बाजारात मिळतात आणि अनेकदा त्या पाण्याच्या कॅनसाठी म्हणून विकल्या जातात. घेणारा त्या कशासाठी घेतो, हे दोघांनाही ठाऊक असते.

धोका कुठे आहे हे नीट पाहायला हवे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना पेट घेते. भरलेल्या कॅनमध्ये वाफ सहसा याहून दाट असते, म्हणून आत जाळ होत नाही. तळाशी थोडेच पेट्रोल उरले असेल, थंडी असेल किंवा हवा खेळती असेल, तर मात्र मिश्रण नेमके त्या पट्ट्यात येऊ शकते आणि बाहेरची ज्योत तोटीतून आत शिरून कॅनचा भडका उडू शकतो. यासाठी २०२० अखेरच्या संघीय कायद्यानुसार १२ जुलै २०२३ नंतर बनलेल्या कॅनना ज्योतरोधक असणे बंधनकारक झाले; तो बहुधा तोंडातल्या बारीक जाळीच्या रूपात असतो. घरी पाडलेल्या छिद्राला असा रोधक नसतो. काही जण धार वाढावी म्हणून ती जाळीच उपटून काढतात. हवाछिद्राच्या बाजूने काहीतरी बोलता येते, या प्रकाराच्या बाजूने काहीच नाही. एकदा पेट्रोल भरलेल्या कॅनला ड्रिल लावणे हेही तितकेच वाईट: रिकाम्या कॅनमध्येही वाफ राहते आणि कार्बन ब्रश असलेल्या ड्रिलच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतच असतात. शिवाय फेरबदल केलेला कॅन मूळ मानकाचा राहत नाही. छिद्राचे टोपण लावायचे राहून गेले, तर बंद गॅरेजमध्ये वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते.

काहीही न कापता चालणारे उपायही आहेत. हाताने दाबायचा पंप किंवा सायफनची नळी वापरली की कॅन उचलावाच लागत नाही. महाग पण उत्तम पर्याय म्हणजे ‘टाइप २’ प्रकारचा सुरक्षा कॅन. त्याला भरण्याचे आणि ओतण्याचे तोंड वेगळे, आत ज्योतरोधक आणि स्प्रिंगचे झाकण असते.

हवेची ही अडचण जर्मन सैन्याच्या १९३७ च्या २० लिटरी पत्र्याच्या कॅनने, म्हणजे पुढे ‘जेरीकॅन’ म्हणून जगभर पसरलेल्या कॅनने, केव्हाच सोडवली होती. त्याच्या तोंडातच हवेची बारीक नळी होती, त्यामुळे धार अखंड पडे आणि नरसाळे लागत नसे. अमेरिकेने युद्धकाळात त्याची नक्कल केली तेव्हा आकार आणि मुठी तशाच ठेवल्या, पण तो उघडायला पान्हा आणि ओतायला नरसाळे लागू लागले.