बधीर टाळू आणि परतणाऱ्या मुंग्या

मेंदूच्या आवरणातली गाठ काढल्यानंतर पाचव्या आठवड्यात माझ्या मावशीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केस विंचरले. टाके केव्हाच निघाले होते, चीर कोरडी होती आणि तिला बरेही वाटत होते. विंचरून झाल्यावर तिने फणी खाली ठेवली, तेव्हा फणीच्या दातांना रक्त लागलेले होते. चिरेच्या मागच्या बाजूला राहिलेली एक खपली फणीने उचकटली होती आणि तिला त्याचा पत्ताच लागला नव्हता. रक्तापेक्षा त्या न कळण्यानेच ती अधिक घाबरली. "मेंदूला तर काही झालं नसेल ना रे?" असे तिने मला विचारले. डोक्याच्या शस्त्रक्रियेतून बरे होणारे बहुतेक जण हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारतात, आणि कित्येकांचे तो डॉक्टरांना विचारायचे मात्र राहून जाते, कारण तपासणीच्या पाच मिनिटांत गाठ, स्कॅन आणि गोळ्या यांच्यातच वेळ संपतो.

चिरेच्या आसपासच्या कातडीला आलेल्या या बधिरतेचा मेंदूशी जवळजवळ कधीच संबंध नसतो. ती कातडीतल्या नसांची बधिरता असते. मेंदूच्या स्वतःच्या ऊतीत वेदना टिपणारी यंत्रणाच नाही. म्हणून तर काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागे ठेवून करता येतात. अशा वेळी सर्जन किंवा भूलतज्ज्ञ डोक्याच्या कातडीतल्या ठरावीक नसांभोवती भुलीचे इंजेक्शन देतात, आणि मग कवटी उघडी असतानाही रुग्ण बोलू शकतो, बोटे हलवू शकतो, समोरच्या चित्रांची नावे सांगू शकतो. जे काम तिथे इंजेक्शन काही तासांपुरते करते, तेच काम चीर काही महिन्यांपुरते, क्वचित कायमचे करते.

या नसांची मांडणी एकदा डोळ्यांसमोर आली की पुढचे बरेच कोडे सुटते. दोन नसा भिवईच्या वर, डोळ्याच्या खोबणीच्या कडेवरून कपाळावर चढतात. एक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागून कानशिलावर येते. एक कानाच्या अगदी पुढून वर जाते. उरलेल्या कानामागून आणि मानेच्या मागच्या बाजूने वर येतात. पुढच्या अर्ध्या भागाच्या नसा मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचव्या जोडीच्या शाखा असतात, तर मागच्या अर्ध्या भागाच्या नसा मानेत मज्जारज्जूतून निघणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नसांपासून येतात. उपड्या ठेवलेल्या टोपलीच्या काठापासून बुडाकडे काड्या जाव्यात, तशा या सगळ्या नसा डोक्याच्या कडेकडून टाळूकडे जातात. आता मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढण्यासाठी सर्जन चीर घेतात ती बहुधा कानाच्या पुढून सुरू होऊन, केसांच्या रेषेच्या आतून वळत कपाळाच्या मध्याकडे येते. व्रण केसांत लपावा, हा त्यामागचा एक हेतू. या रेषेला ज्या ज्या काड्या आडव्या छेदतात त्या तुटतात, आणि तुटलेल्या काडीचा पुढचा, म्हणजे टाळूकडचा भाग मुका होतो. त्यामुळे बधिरता मुख्यतः चिरेच्या मागे जाणवते आणि पुष्कळदा चिरेच्या लांबीच्या मानाने फारच मोठी वाटते. माझ्या मावशीची फणी नेमकी तिथेच अडकली होती.

कपाळाचा काही भागही काही दिवस सुन्न राहतो, पण त्याचे कारण निराळे असते. कवटीपर्यंत पोहोचण्यासाठी कातडीचा पदर पुढे उलटून काही तास तसाच धरून ठेवावा लागतो. त्यात नसा तुटत नाहीत, ताणल्या जातात. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी 1943 साली नसांच्या इजेचे तीन प्रकार मांडले, ते आजही वापरले जातात. पहिल्यात नस शाबूत असते पण तिचे वहन तात्पुरते बंद पडते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, बाहेरची नळी मात्र अखंड राहते. तिसऱ्यात नळीसकट सगळेच तुटते. डोक्याच्या एकाच शस्त्रक्रियेत हे तिन्ही प्रकार वेगवेगळ्या जागी घडलेले असू शकतात. म्हणूनच एका रुग्णाला कपाळ तीन आठवड्यांत परत मिळते आणि टाळू वर्षभर वाट पाहायला लावते. यात काही बिघडले आहे असे समजण्याचे कारण नाही.

तुटलेल्या तंतूचे पुढे काय होते, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी 1850 साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. आपल्या मूळ चेतापेशीपासून तुटलेला पुढचा भाग सडत जातो, त्याचे तुकडे सफाई करणाऱ्या पेशी उचलून नेतात आणि रिकाम्या नळीत नवा तंतू मागून वाढू लागतो. या वाढीचा वेग साधारण दिवसाला 1 मिलिमीटर मानतात. चिरेपासून टाळूच्या पार टोकापर्यंतचे अंतर 9 सेंटीमीटर धरले, तर कागदावर 90 दिवसांचा हिशेब होतो. प्रत्यक्षात नव्या तंतूला आधी व्रणाची गच्च ऊती ओलांडावी लागते; कित्येक तंतूंना पलीकडची नळी सापडत नाही, काही वाट चुकतात. त्यामुळे व्यवहारात सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. दरम्यान शेजारच्या न तुटलेल्या नसाही आपले फाटे बधीर भागात पसरवतात. बधीर भाग बहुधा कडेने आक्रसत जातो, मधोमध उरलेला तुकडा सगळ्यात शेवटी जागा होतो किंवा कधीकधी होतच नाही, यामागे हेही एक कारण आहे.

आता मुंग्यांबद्दल. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बधीर भागात झिणझिण्या, सुई टोचल्यासारखे, विजेचा हलका झटका बसल्यासारखे किंवा नुसतीच खाज असे काहीबाही सुरू होते. मावशीने "डोक्यात काहीतरी चालतंय" म्हटल्यावर घरच्यांनी आधी उवा पाहिल्या. वास्तविक ही बहुतेक वेळा चांगली खूण असते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या तुटलेल्या नसा तपासताना फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांच्या ध्यानात आले, की नसेच्या मार्गावर बोटाने हलके ठोकले असता एका विशिष्ट जागी झिणझिण्या उठतात, आणि ती जागा आठवड्यागणिक पुढे सरकत जाते. नव्याने वाढणाऱ्या तंतूचे कोवळे टोक तिथवर पोहोचलेले असते. 1915 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्याला फ्रेंच भाषेत जे नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ "मुंग्यांची खूण" असा होतो. त्याच वर्षी पाउल हॉफमन या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे हेच नोंदवले; दोघे युद्धात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते. मराठीत हात अवघडला की त्याला मुंग्या येतात, फ्रेंचांनाही मुंग्याच येतात, हे मला फार गमतीचे वाटते.

परत येणारी संवेदना पहिल्या दिवसापासून शहाणी नसते, याचा सर्वांत विलक्षण पुरावा एका डॉक्टरने स्वतःच्या शरीरावर मिळवला. लंडनचे चेताविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी 25 एप्रिल 1903 रोजी आपल्या डाव्या हाताच्या कातडीच्या नसा मुद्दाम कापून घेतल्या आणि रेशमी टाक्यांनी पुन्हा जोडवून घेतल्या. आडनावाचा अर्थ डोके, पण प्रयोग हातावर. पुढे चार वर्षांहून अधिक काळ ते केंब्रिजला आपले मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे जात, डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स त्या हातावर कापूस, सुई, गरम आणि थंड नळ्या टेकवून पाहत. 1908 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दिसते, की कापसाचा स्पर्श कळत नसतानाही बोटाचा दाब कळत होता. आणि परतीच्या वाटेवर आधी आली ती ओबडधोबड संवेदना, जी कुठे होते आहे हे नीट सांगता येत नव्हते, पण झाली की प्रमाणाबाहेर तीव्र आणि नकोशी होती. नाजूक, अचूक स्पर्श फार उशिरा आला. हेड यांनी यावरून संवेदनांच्या दोन वेगळ्या यंत्रणा असल्याचा जो सिद्धांत मांडला, तो पुढे टिकला नाही. 1909 साली ट्रॉटर आणि डेव्हिस या दोन सर्जनांनी आपल्याही नसा कापवून घेऊन त्याला आव्हान दिले. परंतु बरे होणाऱ्या माणसाच्या अनुभवाचे हेड यांनी केलेले वर्णन आजही तंतोतंत लागू पडते. उशीचा अभ्रा टोचतो, वाऱ्याची झुळूक झोंबते, टाळूवर बोट टेकवले तर भिवईपाशी कळते. यातल्या शेवटच्या तक्रारीला लोक हसतात. पण वाट चुकलेला तंतू दुसऱ्याच नळीत शिरला तर मेंदूला तो आपल्या जुन्याच पत्त्यावरून निरोप पाठवत राहतो.

व्रणाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. लहानशा खोकेनेही भळाभळा रक्त येते ते त्यामुळेच, आणि त्याच कारणाने इथली जखम लवकर भरते. टाके किंवा स्टेपल बहुधा सात ते चौदा दिवसांत निघतात. मात्र तीन आठवड्यांच्या व्रणाची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी असते, आणि वर्षभरानंतरही ती सुमारे 80 टक्क्यांच्या पुढे जात नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत व्रण लाल, टणक, थोडा उंच असतो. मग आतले कोलॅजेन पुन्हा रचले जाते आणि तो हळूहळू फिका व मऊ पडतो. व्रणाच्या ऊतीत केसांची मुळे नसतात, त्यामुळे बारीकशी रेघ कायमची उघडी राहते; महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढणारे शेजारचे केस ती झाकतात. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्याच डोक्याचे केस मूठमूठ गळू लागतात, तेही शरीराला बसलेल्या ताणामुळे, आणि ते पुन्हा येतात. कानशिलाचा स्नायू कापावा लागला असेल तर घास चावताना काही आठवडे दुखते.

आपल्याकडे खरा गोंधळ होतो तो तेलाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना डोके कोरडे पाहवत नाही, आणि हळद, अंगारा, कोमट खोबरेल यांतले काहीतरी चिरेवर येऊन पडतेच. टाके निघून, खपल्या आपोआप गळून चीर पूर्ण बंद होईपर्यंत आणि सर्जनने हो म्हणेपर्यंत यातले काहीही लावू नये. त्यानंतर स्वच्छ बोटांनी केलेली हलकी मालीश चांगली: बोट कातडीवर घासायचे नाही, तर कातडी बोटाबरोबर हाडावर सरकवायची, दिवसातून दोनदा काही मिनिटे. मालिशीने व्रण किती सुधारतो याचा पुरावा तुटपुंजा आहे, पण योग्य वेळी केली तर अपाय नाही, आणि आपल्याच डोक्याला हात लावायची भीती त्यामुळे जाते, हा फायदा मला कमी वाटत नाही. नव्या संवेदना झोंबत असतील तर आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल असे रोज थोडा वेळ फिरवत कातडीला सवय लावतात. तेवढ्याने भागले नाही, किंवा एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ निघत असेल, तर नसांच्या वेदनेवर वेगळी औषधे आणि इंजेक्शने असतात, साध्या वेदनाशामक गोळ्या गिळत बसू नये. बी-12ची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. कमतरता नसताना त्याच गोळ्यांनी तुटलेली नस लवकर वाढते असे मानायला भक्कम आधार नाही. तंबाखू आणि मिश्री मात्र जखम भरणे नक्कीच लांबवतात, तसाच ताब्यात नसलेला मधुमेहही.

बधीर भागाची राखण डोळ्यांनी करावी लागते. गरम पाणी, गरम तेल आणि केस वाळवण्याचे यंत्र आधी हाताच्या आतल्या बाजूवर तपासावे, केसांचे पिन आणि हेल्मेटची कड कुठे रुतते ते दुसऱ्याला पाहायला सांगावे, दोन आरसे घेऊन आठवड्यातून दोनदा व्रण मागून पाहावा. खाज सुटली तर नख लावू नये, तळव्याने दाबावे. बधीर कातडीला नख किती खोल गेले ते कळत नाही. केसांचा रंग काही महिने बाजूला राहू द्यावा. उन्हात टोपी किंवा पदर घ्यावा, कारण नवा व्रण उन्हाने काळपट पडतो.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नये. चिरेतून पू किंवा पाण्यासारखा स्वच्छ द्राव येणे, नव्याने सूज, ताप, मान ताठरणे, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसेच बधिरता टाळूवर नसून चेहऱ्याच्या, हाताच्या किंवा पायाच्या एका बाजूला अचानक आली, बोलणे अडखळले, तर तो प्रश्न कातडीच्या नसांचा नाही. तो मेंदूचा आहे आणि तातडीचा आहे.

मावशीच्या शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झाले. रुपयाच्या नाण्याएवढा एक तुकडा अजून मुका आहे आणि तो तसाच राहील, असे सर्जननी तिला सांगितले आहे. ती भांग थोडा डावीकडे पाडते, आणि विंचरून झाले की सवयीने फणी उजेडात धरून बघते.