प्रश्नावलीतच फुटणारं उत्तर

१९८५ साली सामाजिक मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्न एकच: रोज किती वेळ टीव्ही पाहता? एका गटापुढचे पर्याय ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून ‘अडीच तासांहून जास्त’पर्यंत होते, दुसऱ्या गटापुढे ‘अडीच तासांपर्यंत’ इथूनच सुरुवात होती. अडीच तासांहून जास्त पाहतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७.५ टक्के!

कारण असा हिशोब कुणी डोक्यात ठेवत नाही. माणूस यादी पाहतो, मधला पर्याय चारचौघांचा असणार असं धरतो आणि तिथेच कुठेतरी खूण करतो. म्हणून ‘किती वेळ’, ‘किती वेळा’ हे विचारताना पर्याय देऊच नका. मोकळी चौकट ठेवा आणि काळ नेमका सांगा: ‘काल किती मिनिटं?’ ‘साधारणपणे’ हा शब्द तर हद्दपारच करावा.

प्रश्नातले शब्दही उत्तर बदलतात. जनमत संशोधक डोनाल्ड रग यांच्या १९४१च्या अमेरिकी प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांवर ‘बंदी घालावी का’ याला ४६ टक्के ‘हो’ म्हणाले. ‘परवानगी द्यावी का’ असं विचारताच ‘नाही’ म्हणणारे ६२ टक्के झाले. बंदी हा शब्दच जड.

‘सहमत–असहमत’ छापाच्या विधानांना बरेच जण सवयीने मान डोलावतात. त्यापेक्षा सरळ विचारा: ‘सेवा कितपत समाधानकारक वाटली?’ खाली पाच पायऱ्या, प्रत्येकीला शब्दांत नाव, आणि चांगल्या-वाईट बाजू समसमान. ‘सेवा जलद आणि नम्र होती का?’ हे दोन प्रश्न आहेत; जलद पण उद्धट सेवा मिळालेल्याने काय लिहायचं? वयोगट १८–२५ आणि २५–३५ असे ठेवले, तर पंचविशीचा माणूस दोन्हीकडे बसतो. उत्पन्नासारखे नाजूक प्रश्न शेवटी.

छापण्याआधी पाच-दहा जणांसमोर बसून प्रश्नावली भरून घ्या. ही मंडळी ओळखीतली नकोत, ज्यांचं मत हवं आहे त्यांच्यातलीच हवीत. प्रत्येकाला मनातलं मोठ्याने बोलायला सांगा आणि मध्येच विचारा, ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा.’ ‘कुटुंबात किती जण?’ याला एक जण परगावी शिकणारा मुलगा धरतो, दुसरा वगळतो. दोघंही अडखळत नाहीत, त्यामुळे ही चूक नंतर आकड्यांत कधीच दिसत नाही.