गायमुखचा चढ आणि फ्लायव्हीलची शिल्लक

काकांची प्रीमियर पद्मिनी गाडी 1986 सालची. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली ती एक वास सोबत घेऊनच. ठाण्यात कापूरबावडीहून निघालो, घोडबंदर रोडने गायमुखच्या चढाला लागलो आणि पुढे कंटेनरची रांग थांबली, की दहा मिनिटांत जळक्या पुठ्ठ्यासारखा वास गाडीत भरायचा. टॉप गिअरमध्ये पाय दाबला तर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी आपल्याच चालीने चालायची. क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा जोड, घसरत होता, हे सांगायला मेकॅनिकची गरज नव्हती.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता खोललंच आहे साहेब, तर फ्लायव्हीलपण लेथवर घालून हलकं करू. गाडी कशी पळते बघा!"

ते खोटं बोलत नव्हते. रॅलीवाले हेच करतात. पण मी दोन दिवस मागून घेतले आणि वही-पेन घेऊन बसलो.

कुंभार चाकाला काठी लावून चार-सहा हिसके देतो, काठी बाजूला ठेवतो आणि मग दोन्ही हातांनी निवांत मडकं घडवतो. हिसके थांबले तरी चाक थांबत नाही, कारण त्याचं वजन काठाकडे असतं. हिसक्यांतली ताकद चाकाने साठवून घेतलेली असते. इंजिनाच्या मागे बोल्टांनी आवळलेली फ्लायव्हील ही बिडाची चकती हेच करते. चार सिलिंडरच्या इंजिनात अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हे सेकंदाला सुमारे 27 हिसके झाले. दोन हिसक्यांच्या मधल्या काळात दुसऱ्या सिलिंडरमधली हवा दाबायची असते, त्यासाठीची ताकद फ्लायव्हील आपल्या शिलकीतून देतं. ते नसतं तर इंजिन दर अर्ध्या फेऱ्याला अडखळलं असतं.

ही शिलक किती? हिशोबापुरतं चकतीचं वजन 8 किलो आणि त्रिज्या 13 सेंटिमीटर धरू. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर तिच्यात सुमारे 3300 जूल साठतात. माणसांसकट 1100 किलोची गाडी सरळ वर उचलायची म्हटली, तर एवढ्यात ती 30 सेंटिमीटर उचलली जाईल. पण साठा फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत बदलतो. आयडलिंगला, म्हणजे 800 फेऱ्यांवर, उरतात जेमतेम 240 जूल. त्यात गाडी उचलली जाईल सव्वादोन सेंटिमीटर! तीही सगळी शिल्लक खर्चता येत नाही, कारण फेरे शून्यावर येण्याच्या बरंच आधी इंजिन बंद पडतं. चढावर रेस न देता क्लच सोडणाऱ्या नवशिक्याची गाडी धक्का खाऊन का बसते, त्याचं उत्तर या सव्वादोन सेंटिमीटरमध्ये आहे.

आता यातले 3 किलो लेथवर उतरवले तर? ते कुठून उतरवले, यावर सगळं अवलंबून आहे. काठावरचा एक किलो हा त्याच्या निम्म्या त्रिज्येवरच्या एक किलोच्या चौपट काम करतो. टर्नर अर्थातच काठाकडूनच काढणार, म्हणजे वजन तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त घटलं तरी फिरण्याचं जडत्व निम्म्याच्याही खाली येणार. आयडलिंगची शिल्लक 100 जूलच्या आसपास येणार. गाडी उचलली जाईल एक सेंटिमीटरसुद्धा नाही.

फायदा नाही असं नाही. गाडी वेग घेते तेव्हा इंजिनाला गाडी ढकलण्याबरोबर ही चकतीही जास्त जोरात फिरवावी लागते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण 16 पट फिरतं असं धरलं, तर 8 किलोची चकती इंजिनाला 200 किलोच्या ओझ्यासारखी जाणवते. हलकी केली की ते ओझं 80-90 किलोवर येतं, म्हणजे गाडीतून दोन माणसं उतरल्यासारखंच. टॉपला मात्र इंजिन चाकाच्या चारेक पटच फिरतं, आणि पट कमी झाली की ओझंही वर्गाने घटतं. तिथे 13 किलोचे 5-6 किलो होतात. वाचले 7-8 किलो, फार तर बाजाराची एक भरलेली पिशवी. पाम बीच रोडसारख्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला गाडी "पळावी" असं वाटतं, तिथे हलक्या फ्लायव्हीलने काहीच घडत नाही.

पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच आकड्याने. चढावर रांग सरकत असताना आपण ब्रेक न दाबता, क्लचचं पेडल अर्धंच सोडून गाडी हाफ क्लचवर धरतो. (धरतोच. शिकवणाऱ्याने कितीही ओरडून सांगितलं असलं तरी.) चढ बारा मीटरला एक मीटर असा आणि इंजिन 1500 फेऱ्यांवर असेल, तर क्लचमध्ये त्या वेळी साधारण अडीच किलोवॅट उष्णता तयार होत असते. बाथरूममधल्या गीझरएवढी! गाडी जागची हललेली नसते, त्यामुळे इंजिनाची क्लचपर्यंत पोचलेली सगळी शक्ती घासण्यातच जाते. क्लचची प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते, म्हणून ही उष्णता निम्मी प्रेशर प्लेट पिते, निम्मी फ्लायव्हील. 8 किलोचं बीड यात मिनिटाला सुमारे 20 अंशांनी तापतं, 5 किलोचं 33 अंशांनी. हा सगळ्या चकतीचा सरासरी आकडा झाला. घासणारा पृष्ठभाग याहून कितीतरी जास्त भाजतो. म्हणजे फ्लायव्हील ही फेऱ्यांची बँक आहे तशीच उष्णतेचं कोठारही आहे, आणि गायमुखला ही दोन्ही लागतात.

आमच्या फ्लायव्हीलवर त्याच्या खुणा होत्याच. निळसर डाग आणि केसाएवढ्या चिरा. हे डाग नुसते रंगाचे नसतात. बीड तिथे भाजून झटकन थंड होतं आणि काचेसारखं कडक बनतं. लेथचं टूल त्यावरून उडी मारून जातं आणि मागे उंचवटा राहतो. म्हणून तिथे ग्राइंडिंगच करावं लागतं. चिरा खोल असतील तर चकती भंगारात. फिरताना बिडात येणारा ताणही फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, आणि जुनं, आधीच चिरलेलं बीड आणखी कोरून पातळ करणं म्हणजे पायाशी सुतळी बॉम्ब ठेवण्यासारखं आहे. हलकंच हवं असेल त्याने नवं पोलादी करून घ्यावं.

पैसे घालायचे तर क्लचमध्ये, असं ठरलं. क्लचची पकड तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: लायनिंगचं (प्लेटवरच्या घासपट्टीचं) घर्षण, दाबाचा जोर आणि घासपट्टीची सरासरी त्रिज्या. प्लेटला दोन बाजू असतात म्हणून वर दोनने गुणायचं. घर्षणांक 0.3, दाब 3000 न्यूटन, त्रिज्या साडेसात सेंटिमीटर असे साधे आकडे घेतले तरी 135 न्यूटन-मीटर येतात. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 70च्या आसपास. दुप्पट पकड आहे! मग रेसिंगची सिरॅमिक प्लेट कशाला? ती पकडते तेव्हा थप्पड मारल्यासारखी पकडते, आणि गर्दीत तिच्यावर हाफ क्लच जमतच नाही.

उपयोगी बदल आहे तो स्प्रिंगचा. जुन्या प्रेशर प्लेटमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा गोलाकार बसवलेल्या असतात. प्लेट झिजली की त्या सैल होतात आणि नेमका पकडीची गरज असताना दाब घटतो. डायफ्रॅम स्प्रिंग म्हणजे परातीसारखी एकच वाकडी पोलादी चकती. जत्रेत मिळणारा पत्र्याचा टिकटिक बेडूक आठवा. सुरुवातीला अंगठा जोरात दाबावा लागतो, एका क्षणी पत्रा हार मानतो. डायफ्रॅम इतका टोकाला जात नाही, पण चालतो त्याच तत्त्वावर. त्यामुळे पेडल खाली जाताना हलकं होतं, आणि प्लेट झिजू लागली तरी दाब बराच काळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच.

बसवताना रिंग गिअरही बदलली. स्टार्टर ज्या दात्यांना धरतो ती ही पोलादी कडी. थंड असताना ती फ्लायव्हीलवर चढतच नाही. भट्टीत 200 अंशांच्या पुढे तापवली की अर्धा-पाऊण मिलिमीटर फुगते, अलगद बसते आणि निवताना आवळते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना गोवऱ्यांच्या जाळात हेच करतात. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमचे आजोबा तेच करायचे." मी गप्प बसलो.

शेवटी फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्सिंगला दिलं. काठाजवळ 5 ग्रॅम जरी जास्त राहिले, तरी 5000 फेऱ्यांवर ते सोळा-सतरा किलोच्या जोराने क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, बाहेर खेचत असतात. जुन्या प्लेटची काळी पूड मात्र मी कुणाला फुंकू दिली नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधली.

नवी प्लेट मुरायला चार-पाचशे किलोमीटर लागतात, तोवर तिला जपायचं असतं. आमचे 310 झालेत. अजून गायमुखला गेलेलो नाही.